स्वीडनची माणसं बोअरांच्या माळावर: 'असं झालं असतं तर' ची कथा लिहायला बसताना

गेल्या उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, नागपुरात दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नसते तेव्हा आम्ही सातआठ जण माझ्या घरी प्रतापनगरला कूलरसमोर बसून एकच खेळ खेळत होतो. १८६८ च्या आसपास स्वीडनमधून अमेरिकेला निघालेली काही हजार माणसं तिकडे न जाता दक्षिण आफ्रिकेत, ट्रान्सवालला, बोअर लोकांमध्ये जाऊन राहिली असती तर काय झालं असतं. त्यातून दोन कथा पूर्ण झाल्या, एक अजून अर्धी आहे, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी विचारतं की ताई हे करायचं कसं, सुरुवात कुठून करायची. म्हणून एकदाचं सगळं टाइप करून ठेवते. विषय हाच धरलाय पण पद्धत तुम्ही पानिपताला लावा नाहीतर आणखी कशाला, चालेल.

आधी ज्यांना बोअर कोण हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोअर या डच शब्दाचा अर्थ शेतकरी. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपला, ठाणं घातलं, तिथे राहिलेल्या डच, जर्मन, फ्रेंच लोकांची ही पोरंबाळं. १८०६ मध्ये केप कायमचं इंग्रजांकडे गेलं, मग १८३४ मध्ये गुलामगिरी बंद झाली, इंग्रजी कायदे आले, ते न पटलेले हजारो बोअर पुढच्या काही वर्षांत बैलगाड्या जुंपून उत्तरेकडे निघून गेले. तिकडे त्यांची दोन छोटी राज्यं उभी राहिली, १८५२ च्या कराराने ट्रान्सवाल आणि १८५४ च्या कराराने ऑरेंज फ्री स्टेट. ऑरेंज म्हणजे संत्रं नाही बरं का, डच राजघराण्याचं नाव आहे ते, नागपूरकरांचा हा गोंधळ हमखास होतो म्हणून सांगते. आणि १८५४ हे साल आपल्यालाही पाठ आहे. आदल्या वर्षी डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारसाशिवाय गेले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षी तेच इंग्रज तिकडे एक आख्खा प्रदेश, खर्च परवडत नाही म्हणून, बोअरांच्या हाती देऊन निघून आले. एका ठिकाणी घेतात आणि एका ठिकाणी सोडतात, दोन्ही हिशेबानेच. हे लक्षात ठेवा, कारण या सगळ्या कथेत हिशेब हीच मुख्य गोष्ट आहे.

फाटा एकच ठेवा

आपली एसटी अमरावती रोडने जाताना कुठल्या फाट्यावर वळते ते आपल्याला माहीत असतं ना, तसा इतिहास तुमच्या कथेत कुठे वळतो तो फाटा नेमका ठरवायचा, आणि तो एकच असला पाहिजे. मी पहिल्यांदा लिहायला घेतलं तेव्हा स्वीडनचा राजा बदलला, ट्रान्सवालचा प्रेसिडेंट बदलला आणि सोनं पण वीस वर्षं आधी सापडलं असं दाखवलं. एका मासिकाकडे पाठवली, परत आली, आणि परत येणं योग्यच होतं, कारण तीन गोष्टी बदलल्या की वाचकाला कशामुळे काय झालं हे कळतच नाही आणि मग ते नुसतं मनाचे मांडे होऊन बसतं.

फाटा शोधायचा तर जिथे खऱ्या इतिहासात कोणीतरी प्रयत्न केला पण जमलं नाही अशी जागा बघा. ट्रान्सवालमध्ये अशी जागा तयारच आहे. १८६० च्या दशकात अलेक्झांडर मॅककॉर्किंडेल नावाच्या स्कॉटिश माणसाने ट्रान्सवाल सरकारकडून पूर्वेकडची, स्वाझींच्या हद्दीला लागलेली भलीमोठी जमीन घेतली आणि तिथे न्यू स्कॉटलंड नावाची वसाहत करायचं ठरवलं. स्कॉटलंडहून माणसं आणायची, बंदर काढायचं, व्यापार करायचा, मोठा बेत होता. आले मात्र थोडेच लोक, आणि १८७१ मध्ये तो स्वतः वारला. ती जागा म्हणजे लेक क्रिसीचा परिसर, प्रेसिडेंट प्रिटोरियसच्या मुलीचं, क्रिस्टिनाचं नाव त्या तळ्याला दिलंय. आजूबाजूला शेकडो लहानमोठी तळी, उंची समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात गवतावर दहिवर गोठतं, आणि मुख्य म्हणजे खालच्या सखल भागात असतो तसा मलेरिया नाही. तळी, थंडी, गुरांना गवत. स्वीडनच्या माणसाला आफ्रिकेत कुठे घरच्यासारखं वाटेल तर इथे.

आता स्वीडनकडून बघा. गोथेनबर्ग बंदर, जिथून बहुतेक लोक बाहेर पडत, तिथे स्कॉटिश व्यापाऱ्यांचं मोठं प्रस्थ होतं. डिक्सन लाकडाच्या धंद्यात, कार्नेगी साखर आणि बिअरमध्ये, केयलर, अशी घराणी. इतकी इंग्रजाळलेली जागा की लोक त्या गावाला लिटल लंडन म्हणायचे. म्हणजे ट्रान्सवालमध्ये एक स्कॉटिश माणूस माणसं शोधतोय आणि गोथेनबर्गमध्ये स्कॉटिश पैसेवाले बसलेत, जिथून हजारो भुकेली माणसं बोटीत चढतायत. या दोघांमध्ये खऱ्या इतिहासात काही झालं असं माझ्या वाचनात नाही, कथेत फक्त एक पत्र पोचवायचं. एकच पत्र. बस, हा फाटा. बाकी दुष्काळ, राजे, प्रेसिडेंट, सोनं, सगळं होतं तसंच राहू द्या.

तिकिटाचा हिशेब

बहुतेक जण इथेच घसरतात. 'स्वीडिश लोकांनी ट्रान्सवालला जायचं ठरवलं' असं एक वाक्य लिहून पुढे लढाईवर जातात. अहो पण काहून जातील ते? अमेरिका समोर आहे ना! १८६२ च्या कायद्याने अमेरिका १६० एकर जमीन जवळपास फुकट देत होती, पाच वर्षं कसून दाखवली की झालं. गोथेनबर्गहून बोटीने हल, हलहून ट्रेनने लिव्हरपूल, लिव्हरपूलहून न्यूयॉर्क, रस्ता मळलेला. वर आधी गेलेल्या भावाचं, मामाचं पत्र येतं, कधी तिकिटाचे पैसे पण येतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या ७०-८० वर्षांत तेरा लाखांच्या आसपास लोक स्वीडनमधून बाहेर गेले आणि त्यातले बहुतेक अमेरिकेलाच गेले. हे काही वेडे नव्हते. तर त्यातल्या पाच हजारांना तुम्हाला दुसऱ्या बोटीत बसवायचं असेल तर कारण तेवढंच वजनदार लागेल.

म्हणून आधी माणूस घरातून का निघतो ते समजून घ्या. स्वीडनमध्ये तीन कारणं पाठ केल्यासारखी सांगतात, शांतता, लस आणि बटाटे. लढाया थांबल्या, देवीची लस आली, बटाट्याने पोट भरायला लागलं, माणसं मरेनाशी झाली आणि शंभर वर्षांत लोकसंख्या जवळपास दुप्पट. जमीन मात्र तेवढीच, स्मोलांडसारख्या भागात तर दगडच जास्त. शेताचे तुकडे होत गेले, मग धाकट्या पोरांनी करायचं काय, दुसऱ्याच्या शेतावर राबायचं. त्यांच्याकडे स्तातारे नावाचे मजूर असायचे, वर्षाच्या कराराने, पगार बराचसा धान्यात, राहायला मालकाची खोली, करार ऑक्टोबरच्या शेवटी संपायचा आणि तेव्हाच काय तो आठवडा मोकळा मिळायचा. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो ना, अगदी तसं. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचे आजोबा काटोलकडे सालगडी होते, त्याला हे वाचल्यावर दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही, त्याने बसल्या बसल्या दोन पानं लिहिली, पाडव्याच्या आदल्या रात्री घरात जी कुजबुज चालते, की हा मालक धरायचा की दुसरा बघायचा, ती त्याने तशीच्या तशी ऑक्टोबरातल्या स्वीडनमध्ये नेऊन ठेवली आणि ती तिथे चपखल बसली.

यावर आला दुष्काळ. १८६७ मध्ये उत्तरेकडे वसंत आलाच नाही म्हणावं इतकी थंडी लांबली, पीक गेलं, आणि १८६८ मध्ये दक्षिणेत पाऊस नाही. लोकांनी पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळली आणि त्याचा पाव केला. माझी आजी तिच्या आईची गोष्ट सांगायची, छप्पनच्या दुष्काळातली, म्हणजे १८९९-१९०० ची, मोहफुलं उकडून त्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालायचं आणि भाकरी थापायची, ती थापताना तुटायची म्हणून हातावरच ठेवून तव्यावर सरकवायची. पोट भरतं, पण लेकराला दुसऱ्या दिवशी पचत नाही. मी आमच्या ग्रुपला सांगितलं की सालीचा पाव लिहायचा असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा दुष्काळात काय खाल्लं, आणि पीठ तुटतं कसं ते नीट ऐकून घ्या. पिठाला चिकटपणा राहत नाही, कडा फाटतात, हे स्वीडनमध्ये पण तसंच झालं असणार, कारण ते पिठाचं आहे, देशाचं नाही.

आता हिशेब. अमेरिकेचे १६० एकर आणि ट्रान्सवालमध्ये बोअरांचं पूर्ण शेत म्हणजे तीन हजार मॉर्गन, सहा हजार एकरांच्या वर. ऐकायला प्रचंड आहे आणि एजंट गावात येऊन हेच सांगणार. पण तो काय सांगणार नाही तेही तुम्हाला माहीत पाहिजे. न्यूयॉर्कला आगबोट बारा दिवसांच्या आत-बाहेर पोचवायची, इंग्लंडहून केपला जायलाच महिनाभर, मग डर्बन, मग तिथून ड्राकेन्सबर्गचे डोंगर चढून बैलगाडीने आत. सोळा-अठरा बैलांची गाडी दिवसाला वीस किलोमीटर गेली तरी खूप. डेलागोआ बेचं पोर्तुगीज बंदर जवळ होतं पण मधल्या सखल भागात ताप आणि त्सेत्से माशी, बैल मरायचे. आणि पिकवलं तरी विकायचं कुठे, रेल्वेचा पत्ता नाही, प्रिटोरियाहून डेलागोआ बेला जाणारी रेल्वे व्हायला १८९० चं दशक उजाडलं. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली तेव्हा इथल्या कापसाच्या गाठींचं काय झालं ते आठवा, म्हणजे रेल्वे नसलेल्या सहा हजार एकरांची किंमत कळेल.

तर मग त्या पाच हजारांना कसं नेणार? आमचं उत्तर असं ठरलं की बोटभाडं व्यापारी उधार देतील, सात वर्षांत लोकरीतून फेडायचं. म्हणजे ज्यांना अमेरिकेचं तिकीट स्वतःच्या पैशाने परवडत नाही आणि ज्यांचा तिकडे कोणी भाऊ-मामा नाही, तीच माणसं यात चढतील. सगळ्यात गरीब, सगळ्यात एकटी. हे एकदा ठरलं आणि कथेतली माणसं आपोआप दिसायला लागली, कर्जात आलेली आणि परत जायला पैसे नसलेली माणसं. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं पण उत्तर पाहिजेच, आणि ते पैशात पाहिजे.

ती जमीन रिकामी नव्हती

हे मी वेगळं काढून लिहिते कारण याशिवाय ही कथा लिहूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रान्सवालमध्ये १८७७ च्या सुमारास गोरे लोक सगळे मिळून चाळीस हजारांच्या आसपास होते, आणि काळे लोक त्याच्या कितीतरी पट. पूर्वेला स्वाझी राज्य, उत्तरेला सेखुखुने राजाचे पेडी लोक. कोणाची हद्द कुठपर्यंत यावर स्वाझींचं म्हणणं आणि बोअरांच्या कागदातलं म्हणणं एक नव्हतं. एजंटने दाखवलेल्या सहा हजार एकरांत कोणाची तरी गुरं चरत होती, कोणाची तरी पेव होती, पुरलेली माणसं होती. आपल्या गोंडवानात जंगल मोजणारे साखळ्या घेऊन आले तेव्हा काय झालं ते विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दोन शब्द नीट समजून घ्या. एक इनबुकेलिंग. छाप्यांमध्ये पकडून आणलेली काळी मुलं 'अनाथ' म्हणून नोंदवायची आणि मोठी होईपर्यंत बिनपगारी राबवायची, त्याला हा शब्द. १८५२ च्या करारात गुलामगिरी नाही असं लिहून दिलेलं होतं, तरी हे चाललं. दुसरा शब्द कमांडो. आज आपण सिनेमात ऐकतो तो शब्द मुळात इथला. सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक नागरिकाने बोलावणं आलं की स्वतःचा घोडा, स्वतःची बंदूक घेऊन हजर व्हायचं, गावचा फेल्डकोर्नेट, म्हणजे तिथला स्थानिक अधिकारी, हाक घालणार. आणि १८५८ च्या राज्यघटनेत साफ लिहिलेलं, काळ्या-गोऱ्यांची बरोबरी राज्यातही नाही आणि चर्चमध्येही नाही.

म्हणजे तुमचा स्तातारे, जो काल स्वतः दुसऱ्याच्या दारात वर्षाच्या करारावर उभा होता, त्याला शेजारी म्हणणार की एक पोरगं घे कामाला, नोंदवून देतो. तो काय करेल? आणि १८७६ मध्ये सेखुखुनेवर कमांडो निघाली, खऱ्या इतिहासात ती फसली आणि ट्रान्सवालची तिजोरी रिकामी झाली, त्या कमांडोत त्याला हाक आली तर? मला वाटतं बहुतेक जण गेले असते. काही नसते गेले. तुमची कथा या दोघांच्या मधे आहे. आमच्यातल्या एकाने सगळे स्वीडिश दयाळू दाखवले, मी त्याला म्हटलं बाबा, भुकेने माणूस दयाळू होतो असं काही नसतं, परत लिही. आणि निदान एक प्रसंग त्या पोराच्या किंवा त्याला शोधणाऱ्या आईच्या बाजूने लिहा, नावासकट.

चर्च, नाव, भाषा

दोन्हीकडचे लोक प्रोटेस्टंट, म्हणून जमेल असं वाटतं. पण स्वीडिश लुथरन आणि बोअर कॅल्व्हिनिस्ट, त्यातही पुढे ट्रान्सवालचा प्रेसिडेंट झालेला क्रुगर होता त्या डॉपर पंथाला चर्चमध्ये स्तोत्रसंहितेशिवाय दुसरी गाणी सुद्धा चालत नसत. आणि स्वीडिश माणसाला गाणी पाहिजेत. आणखी एक, स्वीडनमध्ये घरी जमून पाद्र्याशिवाय प्रार्थना करायला १७२६ च्या कायद्याने बंदी होती, ती १८५८ मध्ये उठली. म्हणजे तुमच्या कथेतले मोठे लोक लपूनछपून प्रार्थनेला गेलेले असणार. अशा माणसाला ट्रान्सवालच्या उघड्या माळावर, जिथे चर्च शंभर किलोमीटरवर आहे, काय वाटेल? मला तर वाटतं मोकळं वाटेल आणि एकटंही वाटेल.

बोअरांचा नाखमाल हा प्रसंग सोडू नका. तीन महिन्यांतून एकदा आजूबाजूचे सगळे शेतकरी गाड्या घेऊन गावच्या चर्चपाशी येऊन तळ ठोकायचे, प्रभूभोजन, बारसं, लग्नं, उधारी, गुरांचे सौदे, सगळं त्यातच. आपल्या जत्रेसारखं पण गंभीर. नवे आलेले स्वीडिश पहिल्यांदा तिथे येतात, त्यांच्या गाड्या मैदानाच्या कुठल्या कडेला उभ्या राहतात, भाकरीचा तुकडा त्यांना मिळतो का, एवढ्या एका प्रसंगात तुम्ही पन्नास पानांचं काम करू शकता. कॉफी मात्र दोघांनाही दिवसभर लागते, आणि कॉफीत बुडवायला दोघांकडेही दोनदा भाजलेला कडक टोस्ट असतो, तिथून मैत्री सुरू करा हवं तर.

नावांचं आपल्याला फार सोपं जातं. स्वीडनच्या खेड्यात तेव्हा आडनाव म्हणजे बापाचं नाव, आंदर्सचा मुलगा आंदर्सन, मुलगी आंदर्सदोत्तर, आणि लग्नानंतरही ती आंदर्सदोत्तरच राहायची. बोअर फेल्डकोर्नेटच्या वहीत मात्र ती नवऱ्याच्या आडनावाने लिहिली जाणार. आपल्याकडे लग्नात नाव बदलताना तांदळात अंगठीने लिहितात, इथे एक दाढीवाला माणूस टाकाने खोडतोय, एवढाच फरक. हा खोडण्याचा क्षण लिहा.

भाषा टिकेल का? उदाहरण समोर आहे. १६८८ च्या सुमारास फ्रेंच ह्युगेनो, म्हणजे प्रोटेस्टंट, निर्वासित केपला आले, कंपनीने त्यांना डच शेजाऱ्यांमध्ये विखरून बसवलं, दोनतीन पिढ्यांत फ्रेंच संपली, डू टॉइट, दे व्हिलियर्स, जुबेर ही आडनावं तेवढी उरली. उलट आपले तंजावरचे मराठी बघा, तीनशे वर्षं झाली, तमिळ मुलखात राहून घरात अजून मराठी बोलतात, कारण तिथे राज्य होतं, आपसात लग्नं होती, आपलं देवघर होतं. रायपूर-बिलासपूरकडे भोसल्यांच्या काळात गेलेल्या घरांत विचारा, तेही सांगतील. म्हणून ठरवताना तीनच प्रश्न विचारा, एकत्र वस्ती की विखुरलेली, लग्नं आपसात की बाहेर, आणि प्रार्थना कोणत्या भाषेत. आमच्या हिशेबाने लेक क्रिसीजवळ स्वीडिश पाद्री मिळाला तर तीन पिढ्या, नाही मिळाला तर एकच. त्यात दोन्ही भाषा एकाच कुळातल्या, हात म्हणजे हांड, हिवाळा म्हणजे विंटर, उच्चार थोडा इकडेतिकडे, पोरं महिनाभरात बोलायला लागतील आणि तिथेच घरची भाषा गळायला सुरुवात होईल.

पुढची तीस वर्षं

इथे खरा इतिहास डावीकडे आणि तुमचा उजवीकडे अशा दोन रांगा वहीत आखा. एक्सेल चालतं पण मला वही बरी वाटते. डावीकडे लिहा: १२ एप्रिल १८७७, शेपस्टोन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ट्रान्सवाल इंग्रजी राज्याला जोडलं. जानेवारी १८७९, रॉर्क्स ड्रिफ्टची लढाई. हे ठिकाण खऱ्या इतिहासातच स्वीडिश मिशन होतं बरं का, ओटो विट नावाच्या मिशनऱ्याचं घर, मागच्या टेकडीला त्याने राजा ऑस्करच्या नावावरून ऑस्कर्सबर्ग म्हटलं होतं, इंग्रजांनी त्याच घराचं हॉस्पिटल केलं आणि तिथे झुलूंशी लढाई झाली. २७ फेब्रुवारी १८८१, माजुबाला बोअर इंग्रजांशी लढून जिंकले. १८८६, ट्रान्सवालमधल्या विटवॉटर्सरँडला सोनं. १८९०, बाहेरून आलेल्यांना पूर्ण मताधिकारासाठी १४ वर्षं थांबायची अट. १८९६-९७, बुळकांडीने गुरं मेली. ११ ऑक्टोबर १८९९ ते ३१ मे १९०२, इंग्रज आणि बोअरांचं मोठं युद्ध.

उजवीकडे प्रत्येक ओळीसमोर विचारा, पाच हजार स्वीडिश असते तर इथे काय हललं असतं, आणि बहुतेक ठिकाणी प्रामाणिक उत्तर 'काही नाही' असं येईल. ते तसंच लिहा. सोनं सापडणारच, लंडनचा डोळा त्यावर पडणारच. पण काही ठिकाणी हलतं. चाळीस हजारांत पाच हजारांची भर म्हणजे नवात एक, मतदानात हे वजन मोठं आहे. १८९० ची अट आली तेव्हा हे लोक आधीच नागरिक झालेले, म्हणजे ते ना धड बोअर ना धड खाणीवरचे परके, त्यांचं मत कुठे पडेल? क्रुगरची निवडणूक यावर अडकू शकते. माझ्या मते इथेच या कल्पनेतलं सगळ्यात चांगलं राजकारण आहे, लढाईत नाही.

लढाई लिहायचीच असेल तर खरी घ्या. ११ डिसेंबर १८९९ ला किम्बर्लीजवळ मागर्सफाँटेनला बोअरांच्या बाजूने एक स्कँडिनेव्हियन तुकडी होती, त्यातले जवळपास पन्नास जण पुढच्या चौकीवर होते आणि त्यातले बहुतेक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. कॅप्टन योहानेस फ्लिगारे तिथेच पडला. तिथे त्यांचं स्मारक आहे. खऱ्या इतिहासात मूठभर स्वीडिश असताना हे झालं, तुमच्या जगात तर किती असतील. आणि युद्धकैदी बोअर हिंदुस्थानातही आणले होते, अहमदनगरच्या किल्ल्यात सुद्धा. म्हणजे तुमचा स्वीडिश शेतकऱ्याचा मुलगा १९०१ साली नगरला मराठी ऐकत बसलेला दाखवता येतो आणि त्यासाठी इतिहास अजिबात वाकवावा लागत नाही.

मग छावण्या. इंग्रजांनी शेतं जाळली, बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत कोंडलं, बोअरांकडचे जवळपास २८,००० मेले आणि त्यात बहुतेक लहान मुलं, गोवराने, हगवणीने, उपासमारीने. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तिथे १४,००० च्या वर मृत्यू नोंदलेले आहेत आणि खरा आकडा याहून मोठा. दोन्ही छावण्या लिहा. एकच लिहिली तर ती कथा अर्धी.

कोणाला आणखी पुढे जायचं असेल तर १९४८, वर्णभेदाचं सरकार, आणि मग २१ फेब्रुवारी १९८६, स्टॉकहोममध्ये वर्णभेदाविरुद्धच्या मोठ्या सभेत स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे बोलले, आणि आठवड्याभरात, २८ तारखेला, रस्त्यात त्यांचा खून झाला. लेक क्रिसीजवळच्या शेतावर रेडिओ लागलाय आणि आंदर्सन आडनावाचा, बोअरांची आफ्रिकान्स भाषा बोलणारा म्हातारा हे ऐकतोय. आमची अर्धी राहिलेली कथा ही आहे, आणि ती अडली कारण तो म्हातारा रेडिओ बंद करतो की आवाज वाढवतो यावर आमचं अजून ठरत नाहीये.

वाचायचं काय, तर स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या नोंदवह्या ऑनलाइन ठेवल्यात. पाद्री घरोघर जाऊन वाचता येतं का, धर्म पाठ आहे का याची परीक्षा घ्यायचा आणि वहीत लिहायचा, गाव सोडून जाताना पण त्याचा दाखला लागायचा. भाषा कळली नाही तरी एक पान नुसतं बघा, एका घरातली सगळी नावं, जन्मतारखा, आणि जो गेला त्याच्या नावावर मारलेली आडवी रेघ. मी ते पान मोबाइलवर उघडून ग्रुपमध्ये फिरवलं तेव्हा दहा मिनिटं कोणी बोललं नाही.

आमच्यातली एक कॉलेजची मुलगी, तिची कथा पूर्ण झाली. तिने ना प्रेसिडेंट घेतला ना लढाई. ब्रीटा नावाची एक बाई, आठ वर्षांची असताना आईबापाबरोबर बोटीत चढलेली, १९०१ मध्ये स्टँडर्टनच्या छावणीत चाळिशीची आहे. भाषा गेलीय, नाव गेलंय, चर्च बोअरांचं. रेशनचं पीठ आलंय त्यात काहीतरी मिसळलेलं आहे, मळताना कडा फाटतात. ती पीठ हातावरच ठेवून तव्यावर सरकवते. शेजारच्या तंबूतली पोरगी विचारते हे असं काय करतेस, आणि ब्रीटाच्या तोंडून तीस वर्षांत पहिल्यांदा स्वीडिश शब्द निघतो, बार्कब्रोद, सालीचा पाव. पोरगी तो शब्द दोनदा म्हणून बघते, चुकीचा, आणि पाव मागते. पुढे अजून तीन पानं होती, ती तिने स्वतःच काढून टाकली.